टेबलावरचा डोंगर

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला केला नाही असा मुलगा आपल्याकडे विरळाच. दगड, विटा, फुटक्या कुंड्या रचायच्या, वर ओले पोते पसरायचे, चिखल लिंपायचा, हळीव पेरायचे आणि बाजारातून आणलेले मावळे जागोजाग उभे करायचे. आता त्या किल्ल्याशेजारी बसून एक साधे त्रैराशिक मांडा. बुरुजावरचा मावळा दोन इंच उंच आहे. तो खरा साडेपाच फुटांचा धरला, तर तुमचा दोन फुटी डोंगर खरा किती उंच? उत्तर येते ६६ फूट. म्हणजे जेमतेम सहा मजली इमारत! मावळ्याच्या मानाने राजगड बांधायचा तर अंगण सोडाच, गल्लीही पुरणार नाही.

किल्ला करताना हा हिशेब कोणी करत नाही आणि करूही नये. किल्ला बघायचा असतो. पण त्याच डोंगरावर लढाई *खेळायची* ठरवली, की हिशेब टाळता येत नाही. मावळ्याला वर चढायला किती वेळ लागेल? खालून मारलेला बाण वर पोहोचेल का? असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. अशाच एका खेळाविषयी, आणि त्यातल्या डोंगर, खिंडी, चिखल यांच्याविषयी मला आज थोडे भांडायचे आहे.

या खेळाची आणि माझी ओळख अगदी वाईट रीतीने झाली. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी प्रयोगशाळेला कुलूप घालायला गेलो, तर पाच विद्यार्थी टेबलाभोवती दाटीवाटीने बसलेले. मध्ये आलेखाच्या कागदांचा जोडून केलेला मोठा पट. त्यावर माझ्या उतरत्या प्रतलाचे लाकडी ठोकळे कड्यांसारखे रचलेले, आणि बीकरभोवती निळा दोरा टाकून केलेले तळे. फासे पडत होते. मी अर्थातच रागावलो. "प्रयोगशाळा ही खेळायची जागा आहे का?" वगैरे जे काही प्राध्यापकाने म्हणायचे असते ते सगळे म्हणून झाले. मुले निमूटपणे सामान आवरू लागली. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "सर, जाता जाता एकच सांगा. चौकोनाच्या कडेने गेलं तर पाच फूट, आणि कर्णाने गेलं तरी पाचच फूट. हे कसं चालेल?"

मी कुलूप खिशात ठेवले आणि बसलो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार शब्द. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा, कोणी तिरंदाज, कोणी जादूगार. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे फासा टाकतात. फासाही नेहमीचा सहा पृष्ठांचा नव्हे. वीस समान त्रिकोणी पृष्ठांचा विंशतिफलक यात मुख्य असतो. लढाईचा प्रसंग आला की पट मांडतात. असा पहिला छापील खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला.

पण त्याचे पूर्वज बरेच जुने आहेत. बुद्धिबळाच्या पटावर चिखल नसतो. चौसष्ट घरांपैकी कुठल्याही घरात हत्ती सारख्याच डौलाने जातो. ही उणीव जर्मनीतील ब्रन्सविक येथील हेलविग या गणिताच्या शिक्षकाला खटकली. १७८० साली त्याने घरांना निरनिराळे रंग देऊन डोंगर, पाणी, दलदल दाखवणारा युद्धाचा पट काढला. पुढे प्रशियात फॉन राइसविट्झ या गृहस्थाने घरेच काढून टाकली. १८१२ साली त्याने राजाला एक टेबल सादर केले. त्यावर टेकड्या, नद्या, गावे यांचे साचे हवे तसे मांडता येत. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये तोच खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला आणि फासे व पंच यांची जोड दिली. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी तो शिकण्यासाठी खेळत. म्हणजे लढाईच्या या खेळांचा इतिहास बघितला, तर त्यात भर पडत गेली ती मुख्यतः जमिनीची.

आज हीच जमीन बऱ्याच टेबलांवर नुसती शोभा होऊन बसली आहे, अशी माझी तक्रार आहे. बाजारात आणि चित्रफितींत सुंदर रंगवलेले प्लास्टिकचे कडे, पूल, पडके बुरूज दिसतात. त्यांच्यावर सोंगट्या उभ्या राहतात आणि लढाई मात्र सपाट फरशीवर चालावी तशी चालते. दुसरा प्रकार याहून थोडा बरा. तिथे नियमपुस्तकातले आकडे यांत्रिकपणे लावले जातात. अर्ध्या आडोशाला बचावात दोन गुण, पाऊण आडोशाला पाच; खडबडीत जमिनीवर चाल निम्मी. २०१४ च्या आवृत्तीतले हे नियम खेळायला सोपे आहेत, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण तो आकडा आला कुठून आणि कधी खोटा ठरेल, हे कोणी विचारत नसेल तर खेळातली निम्मी गंमत फुकट गेली.

त्या मुलीचा प्रश्न घ्या. पाच फुटांच्या चौकोनाचा कर्ण पायथॅगोरसच्या प्रमेयाने ७.०७ फूट. कर्णाची चालही पाच फूट धरली, तर तिरका धावणारा सरळ धावणाऱ्यापेक्षा ४१ टक्के जास्त अंतर कापतो. एका जागेपासून तीस फुटांच्या आत येणाऱ्या सगळ्या घरांना रंग द्या. वर्तुळ मिळायला हवे, मिळतो चौरस! आणि तरीही २००८ च्या आवृत्तीने हाच नियम स्वीकारला होता, कारण मोजायला सोपा. त्याआधीच्या, २००० सालच्या आवृत्तीत पहिला कर्ण पाच फूट, दुसरा दहा, तिसरा पाच, चौथा दहा, असे आळीपाळीने मोजत. सरासरी साडेसात फूट. चूक सहा टक्के. मग कोणी म्हणतो, चौकोन नकोतच, मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे घ्या. अमेरिकेतील युद्धखेळांत १९६१ पासून ती रूढ झाली. षट्कोनात शेजारची सहाही घरे सारख्या अंतरावर येतात हे खरे. पण ज्या दिशेला षट्कोनाचा कोपरा येतो त्या दिशेने जायचे तर नागमोडी जावे लागते, आणि अंतर १५ टक्क्यांनी जास्त भरते. पाच-दहा-पाचच्या पद्धतीत मात्र कुठल्याही दिशेला चूक १२ टक्क्यांच्या वर जात नाही. हे शेवटचे दोन आकडे त्या पाच जणांनी त्याच संध्याकाळी कागदावर काढले. मी फक्त खडू पुरवला.

आमच्या प्रयोगवह्यांत लंबकाच्या प्रयोगावरून काढलेली गुरुत्व त्वरणाची किंमत नेहमी ९.८ येते. पावसाळ्यात येते, उन्हाळ्यात येते, दोरा तुटलेला असला तरी येते. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने "सर, ९.८ च का?" म्हणून मला अडवलेले नाही. आणि इथे एका काल्पनिक योद्ध्याच्या काल्पनिक पावलासाठी पाच जण पाऊण तास भांडले. म्हणून मी या खेळाच्या बाजूचा झालो.

आता चढणीकडे वळू. खडबडीत जमिनीवर चाल निम्मी, असे पुस्तक म्हणते. डोंगराच्या चढाला हाच नियम लावावा का? नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक अंगठेबाज नियम दिला, तो गडांवर जाणाऱ्या तुम्हा मंडळींना उपयोगी पडेल. सपाटीवर तासाला तीन मैल, आणि वर चढलेल्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. या नियमाने वेळ दुप्पट केव्हा होतो? तीन मैलांत, म्हणजे १५,८४० फुटांत, दोन हजार फूट चढलो की. हा चढ साधारण आठास एक, कोनात मोजला तर सुमारे सात अंश. सायकल दामटत नेता येईल एवढाच! दोनास एक असा चढ घेतला, तर शंभर मीटर पुढे जाताना पन्नास मीटर वर जावे लागते. सपाटीची सव्वा मिनिटे आणि चढाची पाच. वेळ पाचपट होतो. तेव्हा टेबलावर उभा ठोकळा ठेवून त्यावर 'चाल निम्मी' अशी चिठ्ठी लावणे म्हणजे राजगडाला उतरत्या प्रतलाचा दर्जा देणे आहे.

हे सगळे मी शहाणपणाने सांगतो आहे खरा, पण याच डोंगरावर माझे नाक चांगले कापले गेले.

पुढे पुढे मुलांनी मला सूत्रधार केले. एका प्रसंगात मी दहा मीटर उंचीची टेकडी मांडली. वर शत्रूचे तिरंदाज, खाली आमच्या मंडळींपैकी एक तिरंदाज. तो खेळणारा मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नसे. पात्र मात्र त्याने वर्षभर जीव लावून वाढवले होते. मी ठणकावून निर्णय दिला: उंचावरच्याचा बाण दुप्पट लांब जातो, खालच्याचा निम्मा. माझा अधिकार मोठा. पंच मी आणि भौतिकीचा प्राध्यापकही मीच. तीन फेऱ्यांत त्याचा तिरंदाज मेला. मुलगा काही न बोलता घरी गेला.

आठ दिवसांनी तो वही घेऊन आला. "सर, बाणाचा वेग सेकंदाला पन्नास मीटर धरला. एक किलोग्रॅम वस्तुमानामागे गतिज ऊर्जा १२५० ज्यूल. दहा मीटर उंचीमुळे स्थितिज ऊर्जा मिळते ९८ ज्यूल. आठ टक्केसुद्धा नाही." मग त्याने पल्ला काढून दाखवला. सपाटीवर जास्तीत जास्त २५५ मीटर. वरून खाली मारला तर २६५, खालून वर मारला तर २४५. दोघांत वीस मीटरचा फरक, आणि मी दुप्पट-निम्मे करून चौपट केला होता! मी अखेरचा प्रयत्न म्हणून म्हटले, "अरे, पण यात तू हवेचा रोध धरलेला नाहीस." तो शांतपणे म्हणाला, "हवा दोघांना एकच आहे, सर. रोध धरला तर दोघांचाही पल्ला कमी होईल. तुमचे चौपट त्याने येणार नाही."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिरंदाज जिवंत करावा का, यावर त्या दिवशी बरीच चर्चा झाली. नियम बदलला, पण झालेली लढाई झाली असे बहुमताने ठरले. त्या मुलानेही तेच मत दिले. तो निर्णय बरोबर होता की नाही याविषयी माझ्या मनात अजून शंका आहे.

मग उंचावरच्या जागेचा फायदा कशात असतो? तो असतो, नाहीतर आपल्या पूर्वजांनी पाठीवरून दगड वाहून डोंगरमाथ्यावर तट बांधलेच नसते. एक तर वरून दिसते. दुसरे, वर येणाऱ्याला वेळ लागतो. नेस्मिथच्या हिशेबाने दहा मीटर चढायला एक मिनिट जास्त. या खेळात एक फेरी सहा सेकंदांची असते. म्हणजे वरच्या तिरंदाजाला दहा फेऱ्या फुकट मिळाल्या. जीव घेऊन धावणारा सैनिक चालणाऱ्यापेक्षा लवकर चढेल हे कबूल, पण वर पोहोचेल तेव्हा धापा टाकत असेल. तेव्हा टेकडीचे बक्षीस बाणाच्या पल्ल्यात देऊ नका, वेळात द्या. आमच्या टेबलावर आता असाच नियम आहे, आणि टेकडी काबीज करणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे.

सगळ्यांत रंगतदार जमीन मात्र डोंगर नव्हे, खिंड. तिच्यामागे एक सुंदर गणित आहे, ते जरा सावकाश पाहू.

फ्रेडरिक लँचेस्टर हा इंग्रज अभियंता मोटारी बनवण्यासाठी प्रसिद्ध होता. १९१४ साली त्याने लढाईतील संख्याबळाचा विचार समीकरणांत मांडला. समजा, आपले चार वीर आहेत आणि समोर बारा गॉब्लिन, म्हणजे परीकथांतले बुटके राक्षस. एकास एक अशी झुंज लावली, तर एक वीर पडेपर्यंत सरासरी तीन गॉब्लिन मारतो असे धरू. बळ कोणाचे जास्त? चार गुणिले तीन बरोबर बारा, तेव्हा बरोबरी, असे तुम्ही म्हणाल. खिंडीत किंवा अरुंद दारात, जिथे एका वेळी एकालाच एक भिडू शकतो, तिथे हे उत्तर बरोबर आहे.

पण मोकळ्या मैदानात बाराही जण एकाच वेळी वार करतात. तिथे संख्येचा फायदा दोनदा मिळतो. वार करणारे हात जास्त, हा पहिला. आणि समोरून येणारे वार जास्त अंगांवर वाटले जातात, हा दुसरा. म्हणून लँचेस्टरच्या मते मैदानात बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात धरावे. गॉब्लिनांचे बाराचा वर्ग, १४४. आपले चाराचा वर्ग १६, गुणिले तीन, म्हणजे ४८. आपले चारही वीर पडतील तेव्हा समोर किती उरतील? १४४ वजा ४८ म्हणजे ९६. त्याचे वर्गमूळ ९.८. बारापैकी जवळजवळ दहा गॉब्लिन हसत उभे! (हो, इथेही ९.८ च आला. यावर मुले पोट धरून हसली.) मैदानात बरोबरी साधायची तर प्रत्येक वीर नऊ गॉब्लिनांच्या तोडीचा हवा. दारात तिघांच्या तोडीचा पुरतो. वीर तेच, तलवारी त्याच. बदलली ती फक्त उभे राहायची जागा.

जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजीप्रभूंनी घोडखिंड का अडवली, हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. खिंडीत पाठलाग करणाऱ्या फौजेची संख्या वर्गाने मोजली जात नाही. बाजीप्रभूंना हे समीकरण लागले नाही; त्यांना सह्याद्री ठाऊक होता.

हे गणित सांगितल्यावर आमची मंडळी प्रत्येक लढाईत आधी दार शोधू लागली. मग मी गॉब्लिनांना धनुष्ये दिली. पुढचा एक दारात लढतो आणि मागचे अकरा डोक्यावरून बाण मारतात. लगेच दाराचे पुन्हा मैदान झाले. मुलांनी दाराच्या आतल्या बाजूला, बाण पोहोचणार नाहीत अशा आडोशाला वीर उभे केले. मी धूर सोडला. त्यांनी खिडकी शोधली. त्या दिवशी फासे फारसे पडलेच नाहीत आणि तरी घरी जायला रात्रीचे नऊ वाजले.

माझ्या एका शिक्षकमित्राचा आक्षेप असा की मुलांच्या हाती लढाईचे खेळ द्यावेतच कशाला. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विज्ञानकथालेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर एक पुस्तक लिहिले. लाकडी ठोकळ्यांच्या घरांमधून आणि फांद्यांच्या जंगलातून स्प्रिंगच्या तोफांनी खेळायची लढाई. खेळ मनापासून आवडत असूनही, खरे युद्ध किती आंधळे आणि नासाडीचे असते हे खेळताना कळते, असे त्यांनी त्याच पुस्तकात लिहून ठेवले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. वर्गमूळ काढताना '९.८ गॉब्लिन' लिहिणे सोपे असते, हे मीही मुलांना सांगतो. आमच्या टेबलावर आता दर वेळी लढाई होतेच असे नाही. पूर आलेली नदी ओलांडणे, दरड कोसळलेल्या वाटेने गावात औषध नेणे, अशा प्रसंगांतही जमीन तितकीच बोलते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याला माझे उत्तर सरळ आहे: काहीही विकत आणू नका. भिजवलेली वाळू, विटांचे तुकडे, डस्टर, पुस्तकांच्या चळती पुरतात. समोच्च रेषा समजल्या नसतील तर जुन्या पुठ्ठ्याचे थर कापून एकावर एक ठेवा. भूगोलाच्या सरांना दाखवा, ते खूश होतील. आणि शिक्षकांना एक विनंती. या खेळाचा तास करू नका, गुण देऊ नका, 'खेळातून विज्ञान' असा फलक लावू नका. मुले दुसऱ्या दिवशी यायची बंद होतील. भांडण सुरू झाले की जवळ खडू असू द्या, एवढे पुष्कळ.

पुढच्या खेळासाठी आम्ही ओढा मांडला आहे. पाणी गुडघ्यापर्यंत, तळाला गोटे, वेग सेकंदाला दोन मीटर. पुस्तक म्हणते, चाल निम्मी. तिरंदाज गमावलेल्या त्या मुलाचे म्हणणे, पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा सेकंदाला दोन मीटर वेगाच्या पाण्यात चाल निम्मी होण्याऐवजी माणूस आडवाच होईल. मी या वेळी निर्णय दिलेला नाही. रविवारी गावाबाहेरच्या ओढ्यावर जाऊन, सुरक्षित उथळ जागी काठावरूनच दोरीला बांधलेली विटांची पिशवी सोडून आणि स्प्रिंगकाटा लावून मोजायचे ठरले आहे. स्प्रिंगकाटा प्रयोगशाळेतून मीच काढून देणार आहे. नोंदवहीत कारण काय लिहावे, याचा विचार चालू आहे.